जुना एफ-250 घेऊन 13,000 डॉलर वाचवावेत का?

ताई, तुम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहता. आयटीतली नोकरी गेल्यावर यजमानांनी डेक आणि कुंपणं बांधायचा धंदा सुरू केला आणि आता ट्रेलर ओढायला फोर्डचा एफ-250 घ्यायचा आहे. 2014 चा 23,000 डॉलरला मिळतोय, 2018 चा 36,000 ला. यजमान म्हणतात, जुना घेऊ, 13,000 हाताशी राहतील. तुम्हाला धास्ती आहे ती मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांची. बचत 58,000, घरखर्च महिन्याला 5,500, तुमचा पगार चालू.

माझं मत आधीच सांगतो: 2014 चा घेऊ नका.

या ट्रकच्या बाबतीत वर्षाला फार महत्त्व आहे. 1999 ते 2016 या मॉडेलांच्या सुपर ड्यूटी ट्रकच्या (एफ-250 याच मालिकेतला) टपावरून तुमच्याच जॉर्जिया राज्यात दोन मोठे खटले झाले. 2014 च्या एप्रिलमध्ये 2002 चा एक एफ-250 टायर फुटून उलटला, टप आत चेपला आणि जोडपं दगावलं. 2022 मध्ये ग्विनेट काउंटीतल्या ज्युरीने फोर्डला 1.7 अब्ज डॉलरचा दंड लावला. अपील न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द करून नव्याने खटला चालवायला सांगितलं. त्यामागे खालच्या न्यायाधीशांनी कंपनीवर घातलेल्या निर्बंधांचा मुद्दा होता, टप मजबूत असल्याचं कोणी ठरवलेलं नाही. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत कोलंबस शहरातल्या दुसऱ्या ज्युरीने, 2015 चा ट्रक उलटून गेलेल्या आणखी एका जोडप्याच्या खटल्यात, 2.5 अब्जांचा दंड सुनावला. कंपनीने दोष मान्य केलेला नाही.

ज्युरीचा आकडा म्हणजे इंजिनिअरिंगचा पुरावा नव्हे, हे यजमान म्हणतील आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून कायद्याकडे बघा. गाडीचं मालासकट कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, 6,000 पौंडांच्या वर असेल तर टप किती दाब सोसतो याची सक्तीची चाचणीच पूर्वी नव्हती. 2009 च्या सुधारित नियमाने 6,000 ते 10,000 पौंडांच्या गाड्यांना रिकाम्या गाडीच्या वजनाच्या दीडपट दाब सोसण्याचं बंधन घातलं, पण पूर्ण अंमलासाठी 1 सप्टेंबर 2016 पर्यंत मुदत दिली. म्हणजे 2014 चा ट्रक बांधला गेला तेव्हा हे बंधन त्याच्यावर पुरतं आलेलंच नव्हतं. 2017 च्या मॉडेलपासून सुपर ड्यूटीची बॉडी नवी आली, ॲल्युमिनियमची. 2018 च्या बाजूने माझा कौल आहे तो एवढ्यासाठीच.

तरी 2018 म्हणजे किल्ला नव्हे. साध्या कारला तिप्पट दाबाचा नियम आहे, या ट्रकला दीडपटीचाच. आणि तोही 10,000 पौंडांपर्यंतच. त्याच्या वर हा नियमही नाही आणि सरकारी स्टार रेटिंगही नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लेबल असतं, त्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर स्वतः वाचा. त्याच भावात एफ-350 मिळतोय म्हणून भुलू नका, तो बहुतेक वेळा या मर्यादेच्या बाहेरच असतो.

आता पैशांचं. एवढ्या वजनाच्या ट्रकवर आयकराचं कलम 179, म्हणजे धंद्याच्या वस्तूची किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायची सोय, लागू होतं, आणि मागचा हौदा आतून 6 फूट किंवा जास्त लांब असेल तर एसयूव्हीच्या वजावटीवरची कमाल मर्यादा आड येत नाही. ट्रक जुना असला तरी चालतं. 80 टक्के वापर धंद्यासाठी धरला तर 13,000 पैकी 10,400 ची जादा वजावट मिळते. तुमचा आयकराचा 22 टक्क्यांचा टप्पा आणि यजमानांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा वेगळा कर) मिळून साधारण 3,600 डॉलर कर वाचेल. राहिले 9,400. ट्रक 8 वर्षं वापरलात तर महिन्याला शंभराच्या आत. विकताना 2018 ला जास्त भाव येईल तो मी धरलेलाच नाही. शंभर डॉलरसाठी मुलांना जुन्या टपाखाली बसवावं असं मला मनापासून वाटत नाही. धंद्याचा वापर पुढे 50 टक्के किंवा त्याहून खाली आला तर वजावटीचा काही भाग परत करावा लागतो, म्हणून मैलांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

पण 36,000 रोख मोजू नका. बचत 22,000 वर येईल, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा खर्च, आणि नवा धंदा पावसाळी आठवड्यात सुस्त पडतो. 20,000 भरा, 16,000 चं कर्ज क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडून, काढा. 8 टक्क्यांनी 4 वर्षांसाठी हप्ता साधारण 390 येईल आणि 38,000 खात्यात राहतील.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मला मात्र खरी काळजी त्याची आहे. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये 2020 च्या मॉडेलांचे मृत्यूदर मांडले, त्यात समोरच्या गाडीतल्या ड्रायव्हरचे मृत्यू सर्वाधिक असलेल्या गाड्यांमध्ये असे अवजड पिकअप वरच्या रांगेत होते. तुमच्या ट्रकने दुसऱ्याच्या घरावर संकट आलं तर घरगुती वापराची गाडीची पॉलिसी धंद्यातल्या अपघातापुरते हात वर करू शकते. कमर्शियल ऑटो पॉलिसी घ्या, किमान 10 लाख डॉलरची, ट्रेलरची नोंद करून. हा खर्च दोन्ही ट्रकना सारखाच आहे.

पैसे देण्याआधी 17 अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या केंद्रीय रस्ता सुरक्षा खात्याच्या साइटवर घालून रिकॉल बाकी आहे का बघा. दुरुस्ती फुकट होते, पण जुन्या गाड्यांच्या डीलरवर ती विक्रीआधी करून देण्याची केंद्रीय सक्ती नाही. टायरवरच्या डीओटी कोडाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला कमी वजन पेलणारे टायर कोणी बसवले असतील तर भावातून 1,200 ते 1,500 कापून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात चारही बदला.

36,000 जड वाटत असतील तर 2017 चा, जास्त मैल झालेला शोधा.