बॉर्डर कॉलीचं पहिलं पिल्लू घेताना

अभिनंदन! वेल्समधल्या शेतावरून बॉर्डर कॉली या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणताय, तर रंगावर भुलू नका. आईवडिलांच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का, ते आधी विचारा. या जातीत डोळ्यांचा एक आनुवंशिक दोष आढळतो.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळण्यासाठी ही जात घडली. १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ या कुत्र्याचा वंश आजच्या बहुतेक कॉलींत आहे. दबा धरून रोखून बघणं रक्तातच असतं. मेंढ्या नसल्या की सायकली, गाड्या, पळणारी मुलं वळायला सुरुवात होते. ‘किती गोड!’ म्हणून ते चालू देणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. पहिल्या दिवसापासून त्याचं लक्ष तिथून काढून घ्या, कारण गाडीमागे धावण्याची सवय जिवावर बेतते.

सुरुवातीला एवढंच करा:
- हाक मारली की आलंच पाहिजे.
- भरपूर झोप. तासन्‌तास चेंडू फेकून पिल्लू शांत होत नाही, उलट चेकाळतं.
- मेंढ्या दिसल्या की गळ्यात पट्टा आणि दोरी तुमच्या हातात. मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो.

मेंढ्या वळायचं शिक्षण आत्ता नकोच. मेंढीला मागे टाकून वळसा घालण्याइतका वेग आधी येऊ दे. शिट्टीच्या खुणा त्यानंतर. तोवर काही अडलं तर बिनधास्त विचारा.