कासवाचं पिल्लू खात का नाही?

प्रश्न : डिसेंबरच्या सुरुवातीला मुलीच्या वाढदिवसाला कासवाचं पिल्लू आणलं. पाठ जेमतेम ३ सेंटिमीटर, डोळ्यांमागे लाल पट्टे. सहा दिवस झाले, ते काहीच खात नाही, डोळे मिटून डब्याच्या कोपऱ्यात बसतं. पोळीचे तुकडे, भात घालून पाहिला. मुलगी दिवसातून चार वेळा त्याला हातात घेते. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लाल पट्ट्यांवरून हे रेड-इअर्ड स्लायडर जातीचं पाण्यातलं कासव दिसतं. सहा दिवसांच्या उपासाने घाबरू नका. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर आठवडाभर सहज निभावतं. काळजी वाटते ती नाशिकच्या थंडीची. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. भोवतालचं पाणी २० अंशांखाली गेलं की त्याची भूक मरते आणि खाल्लेलंही पचत नाही. त्यामुळे खाण्याचं नंतर पाहू, आधी पाणी.

निदान दोन फूट लांबीची काचेची टाकी घ्या. पाणी सुरुवातीला ८ ते १० सेंटिमीटर पुरे. पिल्लू उलटं झालं तर पाण्यात त्याला सुलटं होता आलं पाहिजे, म्हणून पाठीच्या रुंदीपेक्षा कमी पाणी कधीच ठेवू नका. नळाचं पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवून वापरा किंवा माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब घाला. एवढ्या उथळ पाण्यात आडवा बसेल असा थर्मोस्टॅटचा छोटा हीटर जाळीच्या आवरणासह लावा. हीटर पूर्ण बुडालेला हवा, उघडा पडला तर फुटतो. पाणी २६ ते २८ अंश हवं, आणि ते थर्मामीटरवर बघा, बोट बुडवून कळत नाही.

पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा उतरता दगड किंवा फळी ठेवा. त्यावर साधा, तापणारा पिवळा बल्ब असा टांगा की बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश भरतील. शेजारी यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब हवीच. तिच्याशिवाय शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडत जाते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी, कारण काच हे किरण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हात १५-२० मिनिटं ठेवायचं तर पसरट टबात, अर्ध्या भागावर सावली धरून. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं आणि पिल्लू दगावतं. दिवे दिवसाला १० ते १२ तास, रात्री बंद.

एवढं झालं की दोन दिवस त्याला अजिबात हात लावू नका. माणसाचा हात त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो, हे मुलीला समजावून सांगा. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला तर ते लवकर निवांत होतं.

तिसऱ्या दिवशी, दिवे लागून तासभर झाल्यावर, खायला द्या, आणि पाण्यातच द्या. पाण्यातल्या कासवाला कोरड्यावर घास गिळता येत नाही. माशांच्या दुकानातला गोठवलेला ब्लडवर्म (लाल अळ्या) पाण्यात वितळवून चिमट्यात धरा आणि नाकासमोर बोटभर अंतरावर हळूच हलवा. पिल्लू आधी मान लांबवून टक लावून बघतं, मग झडप घालतं. गांडुळाचा बारीक तुकडाही चालतो. एकदा तोंड लागलं की त्याच पाण्यात भिजवलेले पिल्लांचे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) सुरू करा. रोज एकदा, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढेच. १५ मिनिटांत उरलेलं काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. पोळी, भात, दूध पूर्ण बंद. समुद्रफेसाचा (माकुळाच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा टाकीत तरंगत ठेवा, कॅल्शियमसाठी पिल्लू तो कुरतडेल. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मिळाला तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. पाणी ऊबदार असूनही दोन आठवडे काहीच खाल्लं नाही, किंवा वजन घटत गेलं, तर कासवं तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. ते एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी जा. ही फुप्फुसांच्या आजाराची लक्षणं आहेत.

हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा. कासवाच्या अंगावर जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला जंतू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.

प्रश्न : पिल्लू तीन महिने फक्त सुका जवळा खातंय. आता डोळे सुजले आहेत, उघडत नाहीत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : नुसत्या जवळ्यातून अ-जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही, आणि खारवलेला असेल तर मीठही जातं. डोळ्यांना दिसेनासं झालं की कासव खाणं सोडतं. घाण पाण्यानेही डोळे सुजतात, म्हणून आजच पाणी बदला आणि पशुवैद्याला दाखवा. अ-जीवनसत्त्वाचं औषध मनाने देऊ नका. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलवटून निघते.

प्रश्न : कासव मोठं झाल्यावर गावच्या तळ्यात सोडलं तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून सोडू नका. लाल पट्ट्यांचं रेड-इअर्ड स्लायडर हे मूळचं अमेरिकेतलं कासव, २० ते ३० वर्षं जगतं, मादी २५ सेंटिमीटरच्या पुढे वाढते. तळ्यात ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. सांभाळणं जमणार नसेल तर जबाबदारीने पाळणारं दुसरं घर शोधा, किंवा वनविभागाला विचारा. स्टार कासवासारखी देशी कासवं मात्र कुणी विकत असेल तर घेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.