म्हापशात एकाच जिन्याची भाड्याची इमारत आहे. आगीपासून सुरक्षेसाठी काय काय करावे लागेल?

तुमची इमारत म्हणजे तळमजल्यावर दोन दुकाने, वर दोन मजल्यांवर सहा भाड्याचे फ्लॅट आणि जिना एकच. फायर एनओसी (अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला) लागते का आणि आग विझवायचे किती सिलिंडर टांगायचे, असे तुम्ही विचारले आहे. सिलिंडर शेवटी बघू, कारण अशा इमारतीत माणसे वाचतात ती जिन्यामुळे.

आधी कागदाचे. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ धरतात. हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचे नळ), पंप, वेगळी टाकी हा मोठा पसारा मुख्यतः तिथून पुढे. तुमची इमारत उंचीने त्यात बसत नाही. मात्र उद्या फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायचे झाले तर गोव्याच्या 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी येते आणि इमारतीचा वापरच बदलतो. खाली हॉटेल किंवा बेकरी आली तरी तेच. असा बदल करण्याआधी पालिका आणि अग्निशामक केंद्र, दोन्हीकडे लेखी विचारा. तोंडी होकाराला काही किंमत नसते.

आता जिना. गोव्यातल्या जुन्या इमारतींत मीटरबोर्ड हटकून जिन्याखाली असतो आणि त्याच्या पुढ्यात स्कूटर, इन्व्हर्टरची बॅटरी, रद्दी, रंगाचे डबे. बोर्ड पेटला की धूर वर चढतो आणि सहाही घरांची एकमेव वाट पहिल्याच काही मिनिटांत बंद होते. तेव्हा जिन्याखाली काहीच ठेवू देऊ नका. इलेक्ट्रिक स्कूटर तिथे चार्जिंगला लावायची तर अजिबात नाही. पावसाचे झोत आत येतात म्हणून जिन्याच्या खिडक्यांना पक्की काच किंवा पत्रा ठोकलेला असेल तर तो काढून जाळीचे झडप बसवा. धुराला वरून बाहेर पडायला जागा हवी. गच्चीच्या दाराला कुलूप नको, आतून कडी पुरे. खालचे ग्रिलचे दारही रात्री आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. बाल्कनीला पिंजऱ्यासारखे ग्रिल असेल तर माणूस निघेल एवढी एक खिडकी बिजागरीवर करून घ्या.

मीटरबोर्ड एकदा उघडून नीट बघा. (मीटरच्या आधीचे सील वीज खात्याचे, त्याला हात लावू नका, पुढचे काम परवानाधारक वायरमनकडून.) खाऱ्या दमट हवेत टोकांवर गंज चढतो, स्क्रू ढिले पडतात, तिथे उष्णता धरते. वायरच्या टोकाशी आवरण तपकिरी, कडक झालेले दिसले की तो जोड काढून नवा करायचा, नुसता आवळायचा नाही. थ्री फेज जोडणीत मुख्य न्यूट्रल (वीज परत नेणारी सामाईक तार) सुटला तर एखाद्या फ्लॅटला 230 च्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्ट जाऊ शकतात; फ्रिज, टीव्ही जळतात ते असेच.

दुसरी खोड एमसीबीची, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचची. एसी आणि गिझर एकाच लाइनवर घेतले की 16 अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो, मग कोणीतरी तिथे 32 चा बसवतो. वायर मात्र 2.5 स्क्वेअर एमएमचीच राहते. आता एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते. एसी आणि गिझरला 4 स्क्वेअर एमएमची वेगवेगळी लाइन द्या. प्रत्येक फ्लॅटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो विजेची गळती पकडून वीज तोडतो, जास्तीचा भार पकडत नाही, म्हणून एमसीबीच्या जागी चालत नाही.

गॅसची नळी आयएसआय शिक्क्याची, तिच्यावरची तारीख बघून पाच वर्षांत बदलायची. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही. मग बाहेर येऊन 1906 वर फोन.

आग विझवायचे सिलिंडर: दर मजल्याच्या पायरीपाशी 6 किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कागद, तेल, गॅस अशा आगींना चालणारा) एक, मीटरबोर्डजवळ 4.5 किलोचा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) एक. काटा हिरव्यात असला तरी आपल्याकडच्या दमटपणात पावडर गठ्ठा होऊ शकते, म्हणून अधूनमधून उलटा करून हलवायचा. झोत काही सेकंदांतच संपतो, तो ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी मारायचा. कढईतले तेल पेटले तर पाणी नको. गॅस बंद करून झाकण ठेवायचे. प्रत्येक फ्लॅटच्या पॅसेजमध्ये बॅटरीवरचा स्मोक डिटेक्टर छताला लावा. स्वयंपाकघरात लावलात तर फोडणीला बोंबलेल आणि भाडेकरू दुसऱ्या दिवशी सेल काढून टाकतील.

भाडेकरारात दोन ओळी घाला: जिन्यात सामान ठेवायचे नाही, आणि चवथीला गावी जाताना देवापुढची समई जळती ठेवून दार लावायचे नाही. दुकानांचेही बघा. दुकानदार रात्री शटर ओढून गेला की आतली आग वरच्यांना कळायला उशीर होतो, म्हणून जाताना मेन स्विच पाडायचा आणि किल्लीचा एक जोड इमारतीत कोणाकडे तरी राहील असे ठरवून घ्या.