दुकानातला सिक्युरिटी गार्ड माणसाला अडकवून ठेवू शकतो का?

तुम्ही विचारलंय की मडगावच्या दुकानात गार्डनं तुमच्या भावाला चॉकलेटच्या संशयावरून मागच्या खोलीत बसवून ठेवलं, हे कायद्यात बसतं का. माझ्या मते अजिबात नाही.

गार्डच्या अंगावर गणवेश असला तरी अटकेचे त्याचे अधिकार तुमच्याआमच्याएवढेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, खटला यांची पद्धत ठरवणारा नवा कायदा) कलम 40 नुसार, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडला, किंवा समोरचा उद्घोषित गुन्हेगार (कोर्टानं फरार म्हणून जाहीर केलेला) असला, तरच सामान्य माणूस अटक करू शकतो. मग विनाकारण उशीर न लावता, फार तर 6 तासांत, त्याला पोलिसांकडे द्यायचं. नुसत्या संशयावर अटक करता येत नाही. त्यातून 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. म्हणजे चॉकलेट खरंच उचललं असतं तरी गार्डला बहुधा अटक करता आली नसती! त्यानं थांबायची विनंती करावी, 112 ला फोन करावा. दार बंद करून बसवणं, ‘आधी कबुलीजबाब लिहून दे’ म्हणणं, हा बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा होऊ शकतो.

पोलिसांचे अधिकार मोठे आहेत, पण त्यांनाही अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं.

आजच दुकानाला लेखी पत्र देऊन सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा, ते लवकर पुसलं जातं. मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या.