तीन ताऱ्यांनी भागत नाही

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. डग्लस अॅडम्सच्या 'द लाँग डार्क टी-टाइम ऑफ द सोल' या विनोदी रहस्यकादंबरीला पाचपैकी तीन तारे दिलेस आणि खाली लिहिलंस, 'छान आहे, पण पहिल्या भागाची सर नाही.' हे वाक्य जगातल्या कुठल्याही दुसऱ्या भागाला चिकटवता येईल. थोडं आवडलं, थोडं खटकलं, म्हणून मधला आकडा टाकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. नेमका कुठे हसलास आणि कुठल्या पानावर हसू थांबलं, ते लिही.

पुस्तक तू वाचलंयसच, तेव्हा रहस्य बिनधास्त फोडतो. पहिला भाग १९८७चा, हा १९८८चा. पहिल्यातला जिन्यात अडकलेला सोफा आठवतो ना? हलता हलत नाही, आणि संगणकावर गणित मांडावं तर तो तिथवर पोचणंच अशक्य ठरतं. आपण हसतो आणि विसरतो. पुढे कळतं, तो सोफाच धागा होता. वाचकाला हसवता हसवता त्याच्या नाकासमोर पुरावा ठेवून द्यायचा, ही विनोदी रहस्यकथेतली सगळ्यात अवघड करामत. ती एकदा अनुभवली की दुसऱ्या भागातही आपण तिचीच वाट बघत बसतो. तुझं तेच झालं असावं.

इथे मात्र दोन्ही भागांचा नायक, गुप्तहेर डर्क जेंटली, झोपून राहतो. अशिलाला सकाळी साडेसहाला भेटायचं ठरलेलं. हिरव्या डोळ्यांचा एक राक्षस मागावर आहे, ही त्या माणसाची भीती डर्कने पैसे मिळण्यापुरतीच ऐकून घेतलेली. तो उशिरा पोचतो तेव्हा अशिलाचं मुंडकं रेकॉर्ड प्लेअरवर गरगर फिरतंय. तू लिहिलंस, 'इथे विनोद फसला.' मला तसं वाटत नाही. हसू येतं, आणि लगेच आठवतं की हा वेळेवर उठला असता तर! पहिल्या भागातला लबाड, मजेशीर डर्क इथे पहिल्यांदा खरोखर दोषी ठरतो. त्यानंतरची सगळी गंमत, अगदी तो न उघडलेला घाणेरडा फ्रिजसुद्धा, मला त्या अपराधी भावनेतूनच दिसली. तुझी अस्वस्थता लेखकाने मुद्दाम जागवलेली असू शकते. ते पान पुन्हा वाच.

शेवटाबद्दल मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूने. स्वच्छ चादरी आणि चांगली शुश्रूषा मिळावी म्हणून नॉर्स पुराणांतला ओडिनसारखा देव आपली ताकद कराराने विकून टाकतो, ही कल्पना केवढी भारी! आणि तिचा निकाल? घाईघाईत, मोजक्या पानांत. डर्क बराचसा बघ्या. तक्रार करायची तर इथे कर, पण 'शेवट आवडला नाही' एवढंच लिहून सोडू नकोस. उलगडा डर्कच्या हातून व्हायला हवा होता, तो का झाला नाही, हे दाखव.

तिसऱ्या भागात सगळं जुळून येईल, अशी आशा धरू नकोस. अॅडम्स २००१ साली गेला. २००२च्या 'द सॅमन ऑफ डाउट'मध्ये डर्कची अपुरी प्रकरणंच आहेत.

टिपण नव्याने लिहून पाठव. तारे गाळ. रेकॉर्ड प्लेअरच्या प्रसंगाला अख्खा परिच्छेद दे आणि कथानकाचा सारांश चार ओळींत आटप.

तुझा,
सर