एफडी मोडण्याआधी सात हजारांचा हिशेब

संगमेश्वरच्या एका ताईंचं पत्र आहे. हापूसची काढणी चालू असताना झाडावरून पडून त्यांच्या यजमानांच्या मज्जारज्जूला इजा झाली, त्याला चौदा महिने झाले. इजा अपूर्ण आहे, म्हणजे काही संदेश अजून खाली पोचतात; उजव्या पायाची बोटं हलतात. पुण्यातल्या एका केंद्राने मेंदूला चुंबकीय उत्तेजन देणारी ४० सत्रं सुचवली आहेत. १,६०,००० रुपये, सगळे आगाऊ. "सहा लाखांची एफडी आहे, मोडू का?"

ताई, तुमचा खर्च एक लाख साठ हजारांवर थांबत नाही. पुण्यात दोन महिन्यांची खोली २४,०००, तुमची बिनपगारी रजा ४४,०००, गाडीभाडं १२,००० धरा. झाले २,४०,०००. तुम्ही कळवलंय की पगार २२,००० आणि घर, फिजिओ, कॅथेटर मिळून खर्च २९,०००. म्हणजे दरमहा सात हजार एफडीतूनच येणार. व्याज बाजूला ठेवलं तर सहा लाख सात वर्षं पुरतात, तीन लाख साठ हजार जेमतेम सव्वाचार. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आता उपचाराबद्दल. मी डॉक्टर नाही, पण पैसे कशावर लावताय हे बघणं माझं काम आहे. डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय स्पंद देतात, त्याने हालचालींच्या भागातल्या पेशी चेततात आणि संदेश मज्जारज्जूत शाबूत राहिलेल्या तंतूंवाटे खाली जातो. त्यामुळे अपूर्ण इजेत आशेला जागा आहे, हे खरं. पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, २००८ मध्ये या तंत्राला मान्यता दिली ती नैराश्यासाठी; केंद्राच्या माहितीपत्रकात 'एफडीए मान्यताप्राप्त' दिसलं तर ते मज्जारज्जूबद्दल नाही. मज्जारज्जूच्या इजेवरचे अभ्यास अजून लहान आहेत, निकाल संमिश्र, आणि फायदा दिसला तिथे बहुधा जोडीला कसून व्यायाम होता. मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, शिवाय 'सिद्ध न झालेले उपचार' वगळण्याचं कलम असतंच.

माझं मत: आगाऊ चाळीस नाहीत. आधी मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत दाखवा. त्यांनीही होकार दिला तर दहा सत्रं, प्रत्येक सत्राचे पैसे त्या त्या दिवशी. सुरुवातीला आणि शेवटी आधार धरून किती मिनिटं उभं राहता येतं, हे तुमच्याच फिजिओकडून मोजून घ्या, केंद्राकडून नको. हे साठेक हजारांत बसेल. त्यासाठीही एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. केंद्र म्हणालं, "पॅकेज नसेल तर जमणार नाही," तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

अपंग नातेवाइकावरच्या खर्चासाठी आयकरात मिळणाऱ्या कलम ८०डीडीच्या वजावटीबद्दल विचारलंय. तुमच्या पगारावर मुळात करच बसत नाही, सोडून द्या.

त्यापेक्षा यजमानांचं पासबुक काढा आणि अपघाताच्या आधीच्या मे-जूनच्या नोंदी बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले गेले असतील, तर दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास दोन लाखांची तरतूद आहे. बोटं हलतात म्हणून विमा कंपनी हुज्जत घालेल, त्यामुळे अपंगत्वाचा दाखला आधी हातात घ्या. सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी कार्यालयातही जा. मुदत उलटलीय असं तोंडी सांगतील. अर्ज द्या आणि पोच घ्या.