बोहारीण झाडूवरून आलेली नाही

प्रश्न सोलापूरचा आहे. चौघी मैत्रिणी रविवारी जुने कपडे धुंडाळत हिंडतात. कुणाला इरकल हवी असते, कुणाला खणाचं झंपर, एकीला आजोबांच्या काळचे बुशशर्ट. त्या विचारतात: ‘विंटेज कपड्यांना जुनेर म्हणावं का? अशा खरेदीला जाण्याला मराठीत शब्द आहे का? जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीवरून काही करता येईल असं वाटलं होतं, पण आमच्यातल्या एकीचे सर म्हणतात की बोहारीण हा शब्द हिंदी बुहारीवरून, म्हणजे झाडूवरून आला; घर झाडून नेणारी ती बोहारीण.’

जुनेर म्हणू नका. हा वापर हल्ली सारखा कानावर येतो आणि दर वेळी त्रास होतो. प्रदर्शनात पाटी असते ‘जुनेर कलेक्शन’, आणि खाली टांगलेली असते काठपदर शाबूत असलेली, घडीवरसुद्धा न चिरलेली इरकल. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं. त्याची बाळाला दुपटी होतात, वाकळीत त्याचे थर जातात. मधला फाटका भाग काढून दोन धड तुकडे जोडले की त्याला दंड घातला असं म्हणतात, आणि दंड घातलेलं लुगडं नेसून कित्येक बायकांनी वर्षंच्या वर्षं काढली. त्यांच्या नाइलाजाचा शब्द महागड्या साडीच्या चिठ्ठीवर लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

विंटेजचं थोडक्यात. मूळ लॅटिन विंडेमिया, अर्थ द्राक्षांची काढणी. नान्नजच्या बागा जवळ असलेल्या सोलापूरकरांना हे सांगायला सोपं आहे. आधी काढणी, मग त्या सालच्या द्राक्षांची वाइन, मग चांगल्या सालची वाइन, आणि शेवटी चांगल्या सालची कुठलीही वस्तू. म्हणजे शब्दाच्या पोटात साल आहे. मोटारवाले अजून ते पाळतात; त्यांच्यात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. कपड्यांच्या धंद्यात निदान वीस वर्षं तरी धरतात. नुसती जुनी तऱ्हा पुरत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे पांढरी बाराबंदी घालतात. तऱ्हा किती जुनी! पण यंदा संक्रांतीला नवी शिवलेली बाराबंदी ही नवीच. दुकानदार ‘विंटेज’ म्हणाला, तर ‘कोणत्या सालची?’ एवढं जरूर विचारा.

आता बोहारीण. सरांचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. झाडू ही तिची खूण कधीच नव्हती. तिच्या डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचं गाठोडं. मराठीत झाडूला केरसुणी, खराटा असे आपले शब्द असताना भांडीवालीचं नाव परक्या बुहारीवरून का पडावं? ‘घर झाडून नेणारी’ ही ओढूनताणून बसवलेली कथा आहे, आणि वाईट म्हणजे ती त्या बाईवर अन्याय करते. ती काही फुकट नेत नाही. घेते त्याच्या बदल्यात देते.

हे घेणं-देणं म्हणजेच व्यवहार, आणि माझ्या मते तोच तिच्या नावात आहे. व्यवहार, प्राकृतात ववहार, पालीत वोहार. ‘अव’चा ‘ओ’ होतो, आणि तो आपण रोज जेवतो: लवणाचं, म्हणजे मिठाचं, लोण झालं, त्यातून लोणचं आलं. राहिला व आणि ब यांचा प्रश्न. मराठीत व सहसा टिकतो, वाट ती वाटच राहते, हा आक्षेप सर घेतील आणि तो योग्य आहे. म्हणूनच मी म्हणते की शब्द आपल्या घरी घडलेला नाही, धंद्याबरोबर बाहेरून आला. व्यापारीचा बेपारी झाला तो याच वाटेने. गुजरातीत वहोरवुं म्हणजे विकत घेणं, बोहरी समाजाचं नावही त्याच कुळातलं मानतात. आणि भांड्यांवर कपडे घेणाऱ्या अनेक कुटुंबांचं मूळ गुजरातेतच आहे. बेपारी, बोहरी, बोहारीण एका रांगेत उभ्या केल्यावर झाडूला जागा उरते कुठे?

पालीतल्या वोहार शब्दाचे अर्थ पाहिले तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. एक अर्थ देवघेव. दुसरा, शब्दाचा रूढ वापर! म्हणजे तुम्ही मला जे विचारलंत तोही वोहार आणि बोहारीण दारात करायची तोही वोहार. संस्कृतात आणखी एक अर्थ आहे, खटला. याज्ञवल्क्यस्मृतीत व्यवहाराध्याय आहे, आणि धर्मशास्त्रात व्यवहाराला चार पाय मानलेत: दावा, उत्तर, पुरावा, निर्णय.

आमच्या दारात हे चारही पाय मी पाहिलेत. बोहारीण म्हणायची, ‘या पातेल्याला तीन साड्या लागतील, वहिनी.’ हा दावा. आई म्हणायची, ‘दोन, आणि वर एक शर्ट.’ हे उत्तर. मग ती साडी उन्हासमोर धरायची, दोन्ही अंगठ्यांनी ताणायची. कापड चरकलं की पुरावा आईच्या विरुद्ध. नाही चरकलं तर पातेलं आमचं. जुनेर कोणतं आणि अजून नेसण्याजोगं काय, हे इतकं अचूक ओळखणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तुमच्या हाती आज जी धड इरकल लागते, ती कधीतरी अशाच एखाद्या बाईच्या अंगठ्यांखालून पास झालेली असू शकते.

तेव्हा तुमच्या रविवारच्या फिरण्याला ‘बोहारणं’ म्हणा, असं मी सुचवते. ‘आज बोहारायला जाऊ’, ‘हे मी बोहारलंय.’ गुजरातीत क्रियापद आहेच, आपण उशिरा का होईना घडवू. इंग्रजी ‘थ्रिफ्टिंग’पेक्षा ते तोंडात बरं बसतं, आणि त्यात बोहारणीचं नावही राहतं.

कपड्यांचं राहिलंच. धड असलेल्या जुन्या साडीला ‘ठेवणीतली’ म्हणा. ठेवण दुसऱ्या कुणाची असली तरी चालेल. तिने जपली म्हणून ती तुमच्यापर्यंत आली. बुशशर्टालाही ठेवणीतला म्हणायला हरकत नाही. झंपर मात्र आपला नाही, तो इंग्रजी जंपर. त्याबद्दल वेगळं विचारा, सविस्तर लिहीन.